हमीपत्रावरचे नाव बदलते तेव्हा

वर्धा जिल्ह्याचा व्यापार म्हटला की प्रथम कापूस आठवतो. हिंगणघाटच्या पेठेचे नाव तर एके काळी रुईच्या एका प्रतीलाच लाभले होते. विलायतेतील दलालांच्या तोंडी 'हिंगणघाट' हा शब्द गावापेक्षा मालाचे नाव म्हणून अधिक रुळलेला होता. आजही हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, देवळी या भागांतील जिनिंग-प्रेसिंगच्या आवारांतून १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात आणि त्यांतील काही परदेशी गिरण्यांच्या दारात जाऊन उतरतात. विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या ओसवाल, खंडेलवाल, सैतवाल, बघेरवाल कुटुंबांपैकी अनेकांचे पोट रुई, सरकी, धान्य आणि अडत यांवर चालत आले आहे.

माल परदेशी उधारीवर पाठवायचा तर पैशाची हमी हवी. अलीकडे ही हमी पुष्कळदा 'स्टँडबाय लेटर ऑफ क्रेडिट' या रूपात येते. व्यापारी तिला थोडक्यात 'एसबीएलसी' किंवा नुसते 'स्टँडबाय' म्हणतात. ती हाती आली की पेढीवर सर्वजण निश्चिंत होतात आणि कागद तिजोरीत जातो. पुढे दोन-तीन वर्षांत भागीदारी पेढीचे एलएलपी होते, भावाभावांत वाटणी होते, एखाद्या वडीलधाऱ्याचे निधन होते. तिजोरीतल्या कागदावर मात्र जुनेच नाव असते. पैसे मागण्याची वेळ आली म्हणजे बँक विचारते, 'मागणारे आपण कोण?' हा प्रश्न उद्धटपणाचा वाटला तरी त्यामागे एक पूर्ण शास्त्र आहे, आणि कुटुंबाच्या मिळकतीचा मोठा हिस्सा त्या एका उत्तरावर अवलंबून असू शकतो.

नेहमीचे लेटर ऑफ क्रेडिट हे पैसे देण्याचे मुख्य साधन असते. माल जहाजावर चढला, बिल ऑफ लेडिंग, बीजक आदी कागद बँकेत सादर झाले की बँक पैसे देते. स्टँडबायचा स्वभाव निराळा आहे. खरेदीदाराने वेळेवर पैसे दिले तर ते पत्र कधी उघडावेही लागत नाही. त्याने दिले नाहीत, तरच विक्रेता बँकेकडे जातो आणि 'अमुक रक्कम देय असून ती मिळालेली नाही' असे सहीचे निवेदन देऊन रक्कम मागतो. म्हणजे वेश पतपत्राचा आणि काम जामिनाचे. हा वेश अमेरिकेत जन्मला. तेथील बँकांना दुसऱ्याच्या देण्याला थेट जामीन राहण्याची मुभा नव्हती, म्हणून त्यांनी जामिनालाच पतपत्राचे वस्त्र नेसवले.

हा प्रकार परदेशी असला तरी त्यामागची कल्पना आपल्या पेठेला अपरिचित नव्हती. हुंडीच्या व्यवहारात 'जिकरी चिठ्ठी' नावाचा एक कागद असे. हुंडी लिहिणारा किंवा तिच्यावर आधी ज्याचा हात लागला आहे असा व्यापारी, हुंडी घेणाऱ्याला ही चिठ्ठी देई. हुंडी ज्या गावी सकारायची त्या गावातील एखाद्या पतदार पेढीला ती उद्देशून असे. मूळ पेढीने हुंडी सकारली नाही, तर तुम्ही आमच्या वतीने सकारावी, असा तिचा आशय. हुंडी सकारली गेली तर चिठ्ठी निरुपयोगी. न सकारली गेली तर तीच आधार. आजच्या स्टँडबायचे याहून नेमके वर्णन करणे अवघड आहे.

हस्तांतराचा विचारही त्या परंपरेत मुरलेला होता. नामजोग हुंडी ज्याचे नाव लिहिले त्यालाच द्यायची. फरमानजोग हुंडी पाठीवर शेरा मारून दुसऱ्याच्या हुकमाने देता येई. शाहजोग हुंडी हातोहात फिरे, पण पैसे शेवटी पेठेत ओळख असलेल्या 'शहा'च्याच हाती पडत, म्हणजे पुढे काही घोटाळा निघाला तर कोणाला धरायचे हे ठाऊक असे. हुंडी हरवली तर 'पेठ' आणि तीही हरवली तर 'परपेठ' लिहून देण्याचा रिवाज होता. सतराव्या शतकात सुरतेचे विरजी व्होरा आणि अठराव्या शतकात मुर्शिदाबादचे जगतशेठ घराणे, ही जैन नावे याच विद्येच्या बळावर इतिहासात गेली. १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्यानेही देशी भाषांत लिहिलेल्या अशा कागदांचे स्थानिक रिवाज अबाधित ठेवले. या भाषेत बोलायचे तर स्टँडबाय हा जन्मतः नामजोग कागद आहे. तो फरमानजोग करायचा असेल तर ते लिहून घ्यावे लागते, आणि लिहून घेतल्यावरही सकारणाऱ्याची संमती घ्यावी लागते.

या पत्रांना लागू होणारे नियम पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने प्रसिद्ध केलेले आहेत. स्टँडबायसाठी खास रचलेली नियमावली 'आयएसपी ९८' या नावाने ओळखली जाते. ती १ जानेवारी १९९९ पासून अमलात आहे. काही स्टँडबाय मात्र नेहमीच्या पतपत्रांच्या 'यूसीपी ६००' या नियमावलीखाली निघतात, जी १ जुलै २००७ पासून लागू झाली. पत्रात यांपैकी कोणते नाव लिहिले आहे हे पाहणे ही पहिली पायरी होय, कारण दोहोंतील हस्तांतराचे नियम एकसारखे नाहीत.

दोन्हींत एक गोष्ट समान आहे. पत्रात 'हस्तांतरणीय' हा शब्द नसेल तर ते हस्तांतरणीय नाही. तो शब्द असला तरी बँकेवर हस्तांतर करून देण्याचे बंधन आपोआप येत नाही. ती मान्य करील त्या रीतीने आणि त्या मर्यादेतच ते होते. फरक पुढे सुरू होतो. यूसीपीखाली, अंशतः माल पाठवण्याची किंवा अंशतः रक्कम उचलण्याची मुभा असल्यास, रकमेचे तुकडे करून ती अनेकांना देता येते; परंतु ज्याला मिळाली त्याला ती आणखी पुढे देता येत नाही. आयएसपीखाली नेमके उलटे आहे. मागणीचा हक्क पूर्णच द्यावा लागतो, तुकडे करता येत नाहीत. मात्र तो एकाहून अधिक वेळा पुढे जाऊ शकतो.

हा उलटेपणा विनाकारण नाही. नेहमीचे हस्तांतरणीय पतपत्र मध्यस्थ व्यापाऱ्यासाठी घडवलेले आहे. त्याला परदेशी ग्राहक मिळालेला असतो. माल मात्र तीन-चार जिनिंगवाल्यांकडून गोळा करायचा असतो. म्हणून तुकडे हवेत. स्टँडबाय ही सुरक्षा असते आणि सुरक्षा मूळ देण्याच्या मागोमाग चालते. कर्जरोख्यांचा विश्वस्त बदलला, इमारत विकली जाऊन भाडेकरूचा मालक बदलला, कर्ज एका बँकेकडून दुसरीकडे गेले, तर सुरक्षाही अखंड त्याच हाती जावी लागते, आणि तो हात पुन्हा बदलू शकतो. बँकगॅरंटीसाठी असलेली तिसरी नियमावली, 'यूआरडीजी ७५८', ही गोष्ट अधिक स्पष्टपणे मागते. नव्या लाभार्थ्याने मूळ करारातील हक्क आणि जबाबदाऱ्या दोन्ही स्वीकारल्या आहेत, असे जुन्या लाभार्थ्याचे सहीचे निवेदन त्या नियमांखाली द्यावे लागते.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते पाहू. वर्ध्यातील निर्यातदार साहजिकच आपल्या ओळखीच्या शाखेत जातो. तेथून प्रकरण बहुधा नागपूरच्या किंवा मुंबईच्या विदेशी विनिमयाच्या शाखेकडे जाते. परंतु पुष्कळ वेळा या बँकेने ते पत्र केवळ कळवलेले असते. परदेशी बँकेचा संदेश खरा आहे एवढीच ग्वाही तिने दिलेली असते. अशी बँक हस्तांतर करू शकत नाही. तो अधिकार पत्र देणाऱ्या बँकेचा, पत्राला स्वतःची हमी जोडणाऱ्या बँकेचा, किंवा पत्रातच त्या कामासाठी नेमलेल्या बँकेचा. यात आठवडे जातात आणि व्यापाऱ्याला वाटते आपल्या शाखेचा साहेब चालढकल करतो आहे.

योग्य बँकेकडे अर्ज पोहोचला की ती काही गोष्टी मागते. नव्या लाभार्थ्याचे नाव, पत्ता आणि हस्तांतराची तारीख नमूद केलेला, तिच्या नमुन्यातील अर्ज, मूळ स्टँडबाय, अर्जावरील सहीची खातरजमा, सही करणाऱ्याला तसा अधिकार होता याची खातरजमा, आणि शुल्क. सहीची खातरजमा साधारणतः अर्जदाराच्या स्वतःच्या बँकेकडून करून घेतली जाते. मूळ कागद मागण्याचे कारण उघड आहे. तो जुन्या मालकाच्याच हाती राहिला तर एकाच हमीवर दोघे मागणी करू शकतील. नवा लाभार्थी कोण, त्याच्या देशावर किंवा त्याच्या नावावर काही निर्बंध आहेत काय, याची चौकशीही आजची बँक केल्यावाचून राहत नाही. सर्व जुळले म्हणजे मूळ पत्रावर हस्तांतराची नोंद होते किंवा नव्या लाभार्थ्याला तसे कळवले जाते. त्यानंतर मागणीपत्रावर सही नव्यानेच करायची असते. इतर कागदांवरही जुन्याच्या जागी त्याचे नाव चालते. जुन्या लाभार्थ्याचा मागणीचा हक्क संपतो.

बँका इतक्या काटेकोर का? कारण स्टँडबायमध्ये माल गेल्याचा पुरावा बहुधा लागत नाही; एक निवेदन आणि एक सही एवढ्यावर रक्कम द्यावी लागते. नेहमीच्या पतपत्रात निदान जहाजाचा कागद साक्षीला असतो. येथे सही करणारा माणूस हाच सारा पुरावा. ज्याच्या विनंतीवरून हमी दिली त्या खरेदीदाराने हिंगणघाटच्या अमुक पेढीची सचोटी पारखून होकार दिलेला असतो. तिच्या जागी अनोळखी माणूस आला तर त्याच्या खोट्या निवेदनाची झळ खरेदीदाराला लागते.

नावाच्या या काटेकोरपणाला आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाचाही दाखला आहे. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी आणि बिहार राज्य यांच्यातील १९९९ च्या निकालात प्रश्न बँकगॅरंटीचा होता. गॅरंटीप्रमाणे मागणी पाटबंधारे विभागाच्या मुख्य अभियंत्याने करायची होती. ती केली कार्यकारी अभियंत्याने. खाते तेच, शासन तेच. तरीही ती मागणी न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. एकाच खात्यातील दोन अधिकाऱ्यांची ही गत, तर काकांच्या पेढीच्या नावे असलेल्या पत्रावर पुतण्याच्या कंपनीने सही केली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

२०१८ मध्ये मुंबईतील एका राष्ट्रीयीकृत बँकेचा घोटाळा बाहेर आल्यापासून संदेशांच्या खरेपणाविषयी बँका अधिकच सावध झाल्या आहेत. तेथे स्विफ्टवरून गेलेली हमीपत्रे बँकेच्या मुख्य हिशेबप्रणालीत उमटलीच नव्हती. रिझर्व्ह बँकेने १३ मार्च २०१८ रोजी आयातीच्या पतव्यवहारासाठी 'लेटर ऑफ अंडरटेकिंग' आणि 'लेटर ऑफ कम्फर्ट' देणे बंद केले. पतपत्रे आणि बँकगॅरंटी मात्र नियमांच्या चौकटीत चालू राहिल्या. याच सुमाराच्या आधीपासून एक निराळी कीडही बाजारात फिरते आहे. 'परदेशातील नामांकित बँकेचा स्टँडबाय भाड्याने मिळेल, तो तुमच्या नावे हस्तांतरित करून देऊ, त्यावर कोट्यवधींचे कर्ज मिळेल, प्रथम एवढे शुल्क भरा,' असे सांगणारे दलाल उद्योगाच्या शोधातील तरुणांना गाठतात. अशा कागदांविषयी आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळ आणि अमेरिकेचे रोखे नियामक या दोघांनीही लोकांना सावध केलेले आहे. स्टँडबाय ही कोणा एकाला, एका देण्यापोटी दिलेली हमी असते. ते देणेच नसेल तर भाड्याने घेतलेल्या कागदात उरते काय? तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये 'कूटलेखक्रिया' मोजली आहे, म्हणजे खोटे दस्तऐवज करणे. त्या अतिचाराचा हा अगदी ताजा अवतार म्हणावा लागेल.

हस्तांतराशी नेहमी गल्लत होणारी आणखी एक गोष्ट म्हणजे रकमेचे अभिहस्तांकन. येथे मागणीचा हक्क जुन्याकडेच राहतो; बँक जी रक्कम देईल ती सर्व किंवा तिचा काही भाग अमक्याला द्यावा, एवढाच आदेश असतो. त्यासाठी पत्र हस्तांतरणीय असण्याची गरज नाही. मात्र बँकेने तो आदेश मान्य करून तसे कळवले पाहिजे, नाहीतर तिच्यावर बंधन येत नाही. ज्याला रक्कम मिळायची आहे त्याची बाजू कच्ची असते. मूळ लाभार्थ्याने वेळेत मागणी केली नाही, किंवा चुकीचे कागद दिले, तर त्याच्या हाती काही लागत नाही. तरीही वाटणीच्या प्रसंगी हा मार्ग फार उपयोगी आहे. समजा, तीन भावांच्या पेढीच्या नावे एक स्टँडबाय आहे. एकाने निर्यात स्वतःकडे घेतली आणि दुसऱ्याच्या हिश्शाला जुन्या येण्यातील तिसरा भाग आला. आयएसपीखाली पत्राचे तीन तुकडे होणार नाहीत. हक्क एकाकडेच राहील. पण येणाऱ्या रकमेचा तिसरा भाग दुसऱ्या भावाला द्यावा असे बँकेकडून मान्य करून घेता येईल. वाटणीपत्र लिहिणाऱ्या वकिलाला आणि पंचांना हे ठाऊक असेल तर घरातला एक तंटा वाचतो.

निधन किंवा कायद्याने होणारा बदल हा तिसरा प्रकार. पत्र हस्तांतरणीय नसले तरी वारस, मृत्युपत्राचे व्यवस्थापक, अवसायक किंवा विलीनीकरणानंतरची कंपनी यांचा हक्क आयएसपी ९८ मध्ये मानलेला आहे. त्यांनी मागणी स्वतःच्या नावे करावी आणि सोबत सरकारी वा न्यायालयीन अधिकाऱ्याने दिलेला, हा बदल दाखवणारा कागद जोडावा. येथे पेढीचे स्वरूप निर्णायक ठरते. भागीदारी करारात 'एका भागीदाराच्या निधनाने पेढी विसर्जित होणार नाही' असे कलम असेल तर पेढीचे नाव तेच राहते आणि बँकेत केवळ सही करणाऱ्यांचे अधिकार बदलून घ्यावे लागतात. ते कलम नसेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार निधनाबरोबर पेढी विसर्जित होते. एकट्याच्या मालकीची पेढी असेल तर अडचण सर्वांत मोठी, कारण फलकावर नाव कोणतेही असो, कायद्याच्या दृष्टीने ती व्यक्तीच पेढी असते. तेथे वारसांना न्यायालयाकडून उत्तराधिकार प्रमाणपत्र आणावे लागू शकते आणि परदेशी बँकेसाठी त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिलही लागू शकते. याउलट भागीदारीचे एलएलपीत रूपांतर झाले तर २००८ च्या कायद्याने जुन्या पेढीची मालमत्ता आणि हक्क नोंदणीच्या दिवसापासून नव्या संस्थेकडे आपोआप येतात आणि निबंधकाचे नोंदणी प्रमाणपत्र हाताशी असते.

यातील खरा काटा मात्र मुदतीचा आहे. वारसाची मागणी आल्यावर नावाखेरीज बाकी सर्व बरोबर असेल, तरी बँक आणखी पुरावा मागू शकते, कायदेतज्ज्ञाचे मतही मागू शकते. तो पुरावा मिळेपर्यंत पैसे देण्याची किंवा नकार कळवण्याची तिची जबाबदारी थांबलेली असते. कागद सादर करण्याची वारसाची मुदत मात्र थांबत नाही. बँकेचे घड्याळ थांबते, वारसाचे चालूच राहते. पत्राची मुदत पुष्कळदा परदेशातील बँकेच्या खिडकीवर संपते. वर्ध्याच्या शाखेत त्या दिवशी दिलेले पाकीट कामाचे नसते. म्हणून दुःखाच्या दिवसांत 'व्यवहाराचे मग पाहू' असे म्हणणे स्वाभाविक असले, तरी घरातील एखाद्या जाणत्याने तिजोरीतील पत्राची शेवटची तारीख त्याच आठवड्यात पाहून ठेवणे आवश्यक असते. मागणीची वेळ आली असेल तर मागणीपत्र मुदतीत पोहोचवावे. वारसाचे पूरक पुरावे मागाहून गेले तरी त्यांच्या उशिरामुळे मुदत चुकली असे आयएसपी मानत नाही.

बदल आधी ठरवून करायचा असेल, जसे एलएलपी, कंपनी किंवा वाटणी, तर हस्तांतरापेक्षा सोपा मार्ग दुरुस्तीचा आहे. परदेशी खरेदीदाराला विनंती करावी, त्याने आपल्या बँकेकडून लाभार्थ्याचे नाव बदलणारी दुरुस्ती काढून घ्यावी, आणि ती स्विफ्टवरून आपल्या बँकेत आल्यावरच पेढीचे रूपांतर नोंदवावे. दुरुस्तीला पत्र देणाऱ्या बँकेची आणि आताच्या लाभार्थ्याची, दोघांची संमती लागते, आणि जुनी पेढी अस्तित्वात असतानाच तिची सही निर्विवाद असते. नवे पत्र मागवतानाच 'हस्तांतरणीय' हा शब्द, लागू नियमावलीचे नाव आणि हस्तांतर करणाऱ्या बँकेचे नाव मसुद्यात घालून घेतले, तर नंतरचा निम्मा पत्रव्यवहार टळतो. खरेदीदार हस्तांतराला राजी नसेल तर निदान पेढीचे नाव नोंदणी प्रमाणपत्रावर आहे तसेच, अक्षरशः, पत्रात आले आहे की नाही हे तपासावे. 'ट्रेडर्स'च्या जागी 'ट्रेडिंग' एवढ्या फरकानेही मागणी परत आली, तर मुदत संपण्याआधी ती पुन्हा पाठवायला दिवस उरलेले असतीलच असे नाही.